बाळ जगलं, पण वाढलं का?

गोव्याबद्दलचे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. नमुना नोंदणी पाहणीच्या २०२० च्या हिशेबात गोव्यात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे पाच बाळं वर्षाच्या आत दगावली. देशाचा आकडा तेव्हा २८ होता. या बाबतीत गोव्याची गणना देशातल्या अगदी वरच्या राज्यांत होते. आता दुसरा आकडा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत गोव्यातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी जवळपास २६ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी भरली. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण २० टक्के होतं.

लगेच एक सावधगिरी. गोवा लहान, त्यामुळे पाहणीचा नमुनाही लहान. पाचव्या फेरीत इथल्या सुमारे दोन हजार स्त्रियांना प्रश्न विचारले गेले, मापलेली मुलं त्याहून पुष्कळ कमी. एवढ्याशा नमुन्यात चार-पाच टक्क्यांचा झोका इकडेतिकडे जाऊ शकतो, म्हणून ‘गोव्यात कुपोषण वाढलं’ अशी दवंडी मी पिटणार नाही. पण दर चार-पाच मुलांमागे एक खुरटलेलं आहे, ही गोष्ट झोक्याने पुसली जात नाही. दरडोई उत्पन्नात देशात पुढे असलेल्या राज्यात हे कसं?

बाळ दगावू नये, हे काम बऱ्याच अंशी आरोग्य खात्याचं. वेळेवर येणारी १०८ रुग्णवाहिका, इस्पितळातलं बाळंतपण, लस, काचपेटी. बाळ वाढावं हे काम मात्र एका खात्याचं नाही. त्यात स्वयंपाकघर येतं, आईची झोप येते, नळाला पाणी किती वाजता येतं ते येतं, बापाचा हजेरीपट येतो. आणि या सगळ्यावर सरकारच्या अशा निर्णयांचा परिणाम होतो, ज्यांच्या फायलीवर ‘आरोग्य’ हा शब्दही नसतो. कुळ कायदा, खाणबंदी, दारूवरचा अबकारी कर, महिन्याचं मानधन. हे निर्णय कोणाच्या शरीरात कसे उतरतात, आणि उतरताना वरच्या-खालच्या माणसांतलं अंतर वाढवतात की कमी करतात, हे शोधणारं एक अख्खं शास्त्र आहे. हा लेख त्याबद्दल.

त्यातलं एक महत्त्वाचं काम आपल्या म्हापशातच झालंय. तिथल्या जिल्हा इस्पितळात येणाऱ्या २७० गरोदर बायकांना संशोधकांनी गाठलं आणि बाळंतपणानंतर पुन्हा भेटी दिल्या. हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळ सहा ते आठ आठवड्यांचं असताना २३ टक्के आया नैराश्यात होत्या. कोण होत्या त्या? ज्यांच्या घरात पैशांची ओढाताण होती, ज्यांचं नवऱ्याशी पटत नव्हतं, अशांना धोका जास्त. मारहाण आणि उपासमार यांसारख्या कारणांचा जोरही मुलगा झाला की मुलगी यानुसार बदलत होता. पुढच्या वर्षी त्याच गटातल्या बाळांची वजनं-उंची प्रसिद्ध झाली. नैराश्यात असलेल्या आयांची बाळं सहाव्या महिन्यात कमी वजनाची असण्याची शक्यता इतरांच्या दुपटीहून अधिक होती.

म्हणजे साखळी अशी: घरातला पैसा आणि घरातला मान, तिथून आईचं मन, तिथून बाळाचं वजन. डॉक्टर भेटतो तो शेवटच्या कडीपाशी. तो टॉनिक लिहून देतो, आणि त्याचा त्यात काही दोषही नाही.

समान आणि समन्यायी

या विषयात एका शब्दावर सारखी अडखळ होते. ‘सगळ्यांना सारखं’ आणि ‘सगळ्यांना न्याय्य’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं सरकारी इस्पितळ, घ्या. त्याचं दार गोव्यातल्या प्रत्येकाला सारखंच उघडं आहे. पण पणजीतला सरकारी कारकून अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिथे जाऊन येतो. दूरच्या सत्तरी तालुक्यात दुसऱ्याच्या कुळागरात, म्हणजे बागायतीत, रोजंदारीवर जाणारी बाई पहाटेची कदंबची बस धरते, मध्ये बस बदलते, केस पेपरच्या रांगेत उभी राहते, आणि संध्याकाळी घरी पोचते तेव्हा त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते. तिसऱ्या खेपेला ती जात नाही. फुकट इस्पितळ तिला फुकट पडत नाही.

वेल्समधल्या कोळसा खाणीच्या गावात डॉक्टरकी करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली हे एका वाक्याच्या नियमात मांडलं: चांगली वैद्यकीय सेवा जिथे तिची गरज सर्वात जास्त, तिथेच सर्वात कमी मिळते. खाणीच्या गावातल्या माणसाला हे सुचावं, याचं आपल्या खाणपट्ट्यातल्या सांगे-डिचोलीच्या वाचकांना नवल वाटणार नाही.

बरं, हा प्रश्न फक्त ‘गरीब विरुद्ध श्रीमंत’ असाही नाही. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांमध्ये १९६७ पासून सुमारे १८ हजार पुरुष कर्मचाऱ्यांचा अभ्यास झाला. मायकल मार्मट हे त्यातलं मोठं नाव. हे सगळे पगारदार, कोणी उपाशी नाही, सरकारी आरोग्यसेवा सगळ्यांना मोफत. तरीही सर्वात खालच्या हुद्द्यावरच्यांचा मृत्युदर सर्वात वरच्यांच्या तिप्पट निघाला. आणि मधली पायरीसुद्धा तिच्या वरच्या पायरीपेक्षा जास्त आजारी होती. आपल्याकडे माजघरात मडक्यांची उतरंड असायची ना, एकावर एक, तसं. सिगारेट, रक्तदाब, चरबी वगैरे सगळं हिशेबात धरूनही निम्म्याहून जास्त फरक शिल्लकच राहिला. त्या शिल्लक फरकाचा माग पुढच्या संशोधनाने घेतला, तेव्हा कामावर स्वतःच्या हातात काय असतं आणि काय नसतं, हे एक मोठं कारण सापडलं. पर्वरीच्या सचिवालयात शिपाई आणि सचिव एकाच जिन्याने चढतात, पण कधी उठायचं हे त्यांतला एकच ठरवतो.

उतरंड कधी उलटीही होते. मधुमेह हा खात्यापित्या घरचा रोग, असं आपण म्हणत आलो. देशभरच्या मोठ्या मधुमेह पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले, तेव्हा गोवा देशात पहिला निघाला: २६.४ टक्के, देशाची सरासरी ११.४. त्याच पाहणीच्या आधीच्या टप्प्यात असं दिसलं होतं की सधन राज्यांच्या शहरांत मधुमेह आता खालच्या थरात जास्त आहे. श्रीमंतांनी चालायला सुरुवात केली, आणि स्वस्त मैदा-साखर खाली उतरली.

कळतं कसं?

इथे खरी मेख आहे. योजना आली, मग आरोग्य सुधारलं, म्हणून योजनेने सुधारलं, असं म्हणता येत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, हे आपल्याला ठाऊक असतं, पण सरकारी जाहिरात वाचताना आपण ते विसरतो.

गृहआधार घ्या. २०१२ साली सुरू झालेली योजना, गृहिणीच्या खात्यात महिना दीड हजार रुपये. समजा मी हे पैसे मिळणाऱ्या शंभर बायका आणि न मिळणाऱ्या शंभर बायका घेतल्या, रक्त तपासलं आणि पहिल्या गटाचं हिमोग्लोबिन चांगलं निघालं. पैशांनी? कदाचित. पण अर्ज भरणारी बाई कोण असते? जिला लिहिता-वाचता येतं, जिच्या घरचे तिला कचेरीत जाऊ देतात, गावचा पंच जिच्या ओळखीचा आहे. ती पैसे न मिळताही थोडी जास्त धडधाकट असती. उलटही होऊ शकतं: योजना जास्त गरजूंनाच मिळाली असेल, तर लाभार्थी जास्त आजारी दिसतील आणि योजनाच घातक वाटेल! संशोधनाची सगळी हुशारी एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यात जाते: हीच बाई, हे पैसे न मिळता, आज कशी असती? तिची जुळी बहीण कुठून आणायची?

एक वाट चिठ्ठ्या टाकण्याची. देवाला कौल लावतात तशा नव्हेत, कारण कौलात देवाचं मत असतं. इथे कोणाचंच मत नको. मेक्सिकोत १९९७ साली गरीब घरांतल्या आयांना रोख रक्कम देण्याची योजना आली, अट एवढीच की मुलं शाळेत पाठवायची आणि दवाखान्यात तपासणीला न्यायची. सगळ्या गावांना एकदम पुरेल एवढा पैसा नव्हता. मग त्यांनी ती अडचणच कामाला लावली. अभ्यासातल्या ५०६ गावांपैकी ३२० गावांना आधी आणि १८६ गावांना नंतर, आणि आधी कोण हे चिठ्ठीने. दोन्ही गटांतली गावं सुरुवातीला सारखीच, त्यामुळे पुढे पडलेला फरक योजनेचा. योजनेतल्या गावांमधली लहान मुलं कमी आजारी पडली. मेक्सिकोत सरकारं बदलत गेली, योजनेची नावंही बदलली, पण या आकड्यांमुळे तिला हात लावणं अवघड झालं. अखेर २०१९ मध्ये ती गुंडाळलीच.

दुसरी वाट नशिबाने हाती लागते. मांडवीत कॅसिनो तरंगताना रोज पाहणाऱ्या गोवेकरांना हा दाखला सांगायलाच हवा. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात १४२० मुलांच्या मनोविकारांचा अभ्यास १९९३ पासून चालू होता. त्यातली चौथा हिस्सा मुलं तिथल्या मूळ रहिवासी जमातींची. मध्येच चेरोकी जमातीने आपल्या जमिनीवर कॅसिनो उघडला आणि नफ्यातला वाटा जमातीच्या प्रत्येक माणसाला द्यायचं ठरलं. काम करा, नका करू, पैसे येणार. संशोधकांना न मागता प्रयोग मिळाला: एकाच भागातली मुलं, काहींच्या घरी पैसा आला, काहींच्या नाही, आणि ते त्या घरांच्या हुशारीवर अवलंबून नव्हतं.

२००३ मध्ये निष्कर्ष आले. जी घरं दारिद्र्यातून वर आली, त्यांतल्या मुलांचा दंगा, मारामारी, हट्टीपणा कमी होऊन कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीवर आला. चिंता आणि नैराश्य यांवर मात्र फारसा परिणाम नाही. पैसा सगळ्याला औषध नाही, हेही त्याच अभ्यासाने सांगितलं. आणि फरक पडला कशातून, ते शोधलं तेव्हा हाती लागलं अगदी साधं कारण: आईबापांना मुलांकडे लक्ष द्यायला वेळ मिळाला. आपल्या कॅसिनोंचा पैसा कुठे जातो, हा वेगळ्या लेखाचा विषय. तो माझ्याकडून लिहून होईल असं वाटत नाही.

तिसरी वाट सीमेवरची. स्कॉटलंडने १ मे २०१८ पासून दारूला किमान भाव ठरवून दिला: ठरावीक मद्यार्कामागे ५० पेन्स, त्याखाली विकायचीच नाही. शेजारच्या इंग्लंडमध्ये तसं काही नाही. २०२० च्या अखेरपर्यंतचे आकडे इंग्लंडशी ताडून पाहिले, तर स्कॉटलंडमध्ये निव्वळ दारूमुळे होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा १३.४ टक्क्यांनी कमी होते, आणि सर्वात मोठी घट सर्वात वंचित वस्त्यांमध्ये. नेहमी उलट होतं. ‘दारू सोडा’ असं पोस्टर लावलं, तर ते आधी वाचतो आणि पाळतो तो शिकलेला, अंतर वाढतं. भावाला मात्र वाचता येण्याची गरज नसते.

गोव्याची दारू शेजारच्या राज्यांपेक्षा स्वस्त, हे सातार्डा-बांद्याच्या चेकनाक्यावरच्या पोलिसाला विचारा. इथे दारूचा किमान भाव म्हटलं की पर्यटन, फेणी, रोजगार अशी तीन उत्तरं तयार असतात, आणि तिन्हींत तथ्य आहे. तरीही गोव्यातल्या पेडण्याची आणि महाराष्ट्रातल्या सावंतवाडीची घरं एकाच मातीतली, बोलणं जवळजवळ एकच, कायदे तेवढे वेगळे. अभ्यासकाला याहून चांगली जोडी मिळायची नाही. याच सीमेवर आणखी एक फरक पडला तो २०१८ च्या सुरुवातीला, गोमेकॉने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा. सीमेपलीकडच्या दोडामार्गच्या माणसाचं जवळचं मोठं इस्पितळ बांबोळीचं. गोव्याच्या करदात्याची बाजू आहे, दोडामार्गच्या रुग्णाचीही आहे. कोणी किती उशिरा इस्पितळ गाठलं हे मोजता येतं, आणि ते मोजल्याशिवाय वाद घालण्यात मजा नाही.

आपले जुने निर्णय

पहिले मुख्यमंत्री बांदोडकर यांच्या काळात, १९६३ नंतर, गावोगाव प्राथमिक शाळा निघाल्या, पुष्कळशा मराठी. त्या शाळांत बसलेल्या मुली पुढे आया झाल्या. आई शिकलेली असली की बाळ जगण्याची शक्यता वाढते, हे जगभर पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. बाळमृत्यूच्या त्या पाचच्या आकड्यात गोमेकॉइतकाच त्या शाळांचा वाटा असावा, असं माझं मत. मत म्हणूनच घ्या.

दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा १९७५ चा आणि कुळांना जमिनीची मालकी देणारी कुळ कायद्याची पाचवी दुरुस्ती १९७६ ची. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या घराला भिंत पक्की करायची तर भीती, संडास बांधायचा तर भीती. घर आपलं आहे एवढं कळलं की माणूस आधी भिंत बांधतो, मग मोरी, मग संडास. जुलाब कमी होण्यामागे कधी कधी जमिनीच्या उताऱ्याएवढं औषध नसतं. आणि मुंडकारांचे दावे मामलेदाराच्या कचेरीत अजूनही रेंगाळतात, त्या घरांचं काय होतं, हे आरोग्याच्या कुठल्याच तक्त्यात येत नाही.

सर्वात अवघड गणित खाणीचं. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्याने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने. नंतर अटींवर चालू, आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद. एकीकडे ट्रकचे हप्ते थकले, गॅरेज ओस पडली, खानावळी मिटल्या. दुसरीकडे रस्त्यावरची लाल धूळ बसली, शेतात येणारा गाळ थांबला. मग तब्येत सुधारली की बिघडली? दोन्ही बाजूंचे लोक अगदी खात्रीने सांगतात. मोजायचं असेल तर साधन हाताशी आहे. प्रत्येक आरोग्य केंद्रात जन्मलेल्या बाळाचं वजन लिहिलेलं असतं. सांगे, केपे, डिचोली, सत्तरीतली बंदीच्या आधीची आणि नंतरची वजनं घ्या. तशीच खाण नसलेल्या पेडणे-काणकोणची घ्या. दोन्हीकडे काळाबरोबर होणारा बदल सारखाच धरला, तर उरलेला फरक खाणबंदीचा.

पण एक सापळा आहे. खाण बंद झाल्यावर सर्वात जास्त फटका बसला, ती भाड्याच्या खोलीत राहणारी परप्रांतीय कामगाराची कुटुंबं निघून गेली. त्यांची बाळं दुसऱ्याच राज्यात जन्मली. मागे उरलेल्यांची सरासरी त्यामुळेच वर जाऊ शकते. सर्वात खालचं मडकंच काढून नेलं, तर उतरंड कमी उंच दिसणारच!

हीच माणसं योजनांच्या यादीतूनही गळतात. गृहआधार किंवा दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेसाठी गोव्यात १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. दीनदयाळ स्वास्थ्य विम्यासाठी पाच वर्षांचं. राज्याचा पैसा राज्यातल्या माणसाला, हा विचार समजण्यासारखा आहे. मीही त्याच राज्यात कर भरतो. मात्र बांधकामावरच्या मजुराला आपण एका बाबतीत पहिल्या दिवसापासून आपलं मानतो. १९८० च्या दशकात पणजीत मलेरिया भडकला, तोही बांधकामांवर साठलेल्या पाण्यातून. पुढे कायदा बदलून मजुराचं रक्त तपासून आरोग्य कार्ड काढणं बंधनकारक झालं, आणि ते काढण्याची जबाबदारी टाकली ठेकेदारावर. शहाणा निर्णय होता. डास १५ वर्षांचा दाखला मागत नाही, म्हणून रक्त लगेच हवं; त्याच मजुराच्या बायकोच्या खात्यात दीड हजार मात्र पंधरा वर्षांनी.

तेव्हा गोव्यातल्या दर चार-पाच मुलांमागचं ते खुरटलेलं मूल कोणाचं, हे ज्याला शोधायचंय त्याने लाभार्थ्यांच्या यादीतून नावं उचलली तर ते त्याला सापडणारच नाही. जिल्हावार आकडेही पुरणार नाहीत. पाहणीच्या उत्तर आणि दक्षिण अशा दोनच भागांत सत्तरीतलं वाळपई आणि किनाऱ्यावरचं कळंगूट एकाच सरासरीत बसतात. त्याला वजनकाटा आणि उंची मोजायची पट्टी घेऊन चिंबल, बायणा, झुआरीनगरच्या मजूर वस्त्यांत खोली-खोली हिंडावं लागेल, तसंच सत्तरीतल्या धनगरांच्या वाड्यांवरही. आणि जायचं ते संध्याकाळी सातनंतर. दिवसा त्या खोल्यांना कुलूप असतं.